पटाखाली झेंड्याचं बटण: जिंकत आलेला डाव बोट घसरून सुटला, उपाय सांगा

आगार_सांगली

नमस्कार मंडळी. मी फोनवर रोज रात्री बुद्धिबळाचा एकच डाव खेळतो, आणि तोही एकाच माणसाशी. दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र, आता मडगावला मुलाकडं असतो. साडेनऊला जेवणं उरकली की त्याचा निरोप येतो, "मांडू का?" पंधरा मिनिटांचा डाव, प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढ. ॲपचं नाव घेत नाही. मोठं आहे, तुमच्यातले पुष्कळजण वापरत असतील.

मागच्या आठवड्यात ॲपचं नवं रूप आलं. पूर्वी डाव सोडायचा तर वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जायचं, तिथनं "डाव सोडा" निवडायचं, मग ते एकदा विचारायचं, नक्की का? आता पटाच्या अगदी खाली बटणांची एक पट्टी आणून ठेवली आहे. त्यात गप्पा, मागची चाल, बरोबरी आणि एक छोटा झेंडा. झेंड्यावर बोट टेकलं की डाव संपला. विचारणं नाही, काही नाही.

माझ्या उजव्या हाताला कंप आहे. चार वर्षं झाली. डॉक्टर इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, गोळी चालू आहे. स्पॅनर धरलेला हात आहे माझा, ३१ वर्षं एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होतो, त्यामुळं हा त्रास मला जास्तच लागतो. पण खेळता येतं. बोट घरावर टेकवायचं, क्षणभर थांबायचं, मग मोहरा ओढायचा, अशी सवय करून घेतली आहे.

आता मंगळवारचं सांगतो. मी पांढरा. माझा राजा जी-८ वर, त्याच्या पुढ्यात प्यादं जी-७ वर, हत्ती एफ-१ वर. दत्ताचा राजा ई-७ वर आणि हत्ती एच-२ वर. जाणकारांना कळलं असेल, ही लुसेनाची स्थिती, म्हणजे हत्ती आणि प्यादं विरुद्ध नुसता हत्ती असा, नीट खेळलं तर हमखास जिंकायचा शेवट. यात हत्ती चौथ्या ओळीवर आणायचा. पुढं राजा बाहेर निघाला आणि मागनं शह बसू लागले की तोच हत्ती आडवा घालता येतो. याला पूल बांधणं म्हणतात. पुस्तकात पन्नास वेळा पाहिलंय, लहानपणी गिरवलंय, पण खऱ्या डावात दत्तासमोर ही स्थिती मला आजवर कधी मिळाली नव्हती. दीड तास झाला असं वाटत होतं, इतका जीव ओतला होता त्या डावात. घड्याळात ४० सेकंद होते. पुष्कळ होते.

एफ-१ वरचा हत्ती उचलायला बोट नेलं. एफ-१ म्हणजे पटाची सगळ्यात खालची ओळ. बोट थरथरलं, खाली सरकलं, झेंड्यावर टेकलं. संपलं.

आणि त्याच क्षणी पटाच्या मधोमध चौकट आली, "तुम्ही हरलात", खाली हिरवंगार "पुन्हा खेळा", त्याखाली पैसे भरून सदस्य होण्याची जाहिरात. शेवटची स्थिती निदान डोळ्यांखालनं घालावी म्हटलं तर चौकटीनं नेमका तोच भाग झाकलेला. बंद करायची फुली पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात, तांदळाच्या दाण्याएवढी. ती सापडेपर्यंत दत्ताचा फोन आला. "अरे, सोडलास का? जिंकत होतास की तू!" त्याला तो डाव असा नकोच होता. पण मिळालेला डाव परत द्यायची सोय त्याच्याही पडद्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी लावून मोजलं. माझ्या फोनवर पटाचं एक घर ८ मिलिमीटर भरतं. पटाची कड आणि बटणं यांत अंतर २ मिलिमीटर. झेंडा बरोबर एफ आणि जी या उभ्या ओळींच्या खाली येतो. म्हणजे पांढऱ्यानं छोटं किल्लेकोट केलं की जिथं राजा आणि हत्ती दोघं बसतात, त्यांच्या अगदी पायाशी.

एस.टी.त "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" असतो, सगळ्यांनी वाचलेला आहे. त्या दाराचा दांडा प्रवाशाचं कोपर लागून उघडला तर काय होईल, हे बसवणाऱ्याला सांगावं लागत नाही. गरजेला चटकन उघडला पाहिजे आणि गर्दीत चुकून उघडता कामा नये, दोन्ही बघूनच तो बसवलेला असतो. आमच्या हाताखालचं शिकाऊ पोरगंसुद्धा एवढं बघायचं.

आणखी एक. माझा फोन मराठीत आहे. नव्या रूपात सगळं मराठी केलंय म्हणे, पण इंग्रजीतल्या रिझाइन, ड्रॉ आणि चेक या शब्दांचं नुसतं शब्दशः भाषांतर. झेंड्याखाली लिहिलंय "राजीनामा". बरोबरीच्या बटणावर "काढा". राजाला शह बसला की वर अक्षरं येतात "तपासा". मी सांगलीत वाढलो, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धा बघत बघत खेळायला शिकलो. शह, मात, बरोबरी, डाव सोडणं हे शब्द इथं पोराटोरांच्या तोंडी आहेत. ते कुणाला विचारावेसे वाटले नाहीत, याचं वाईट वाटतं.

विचारायचं असं: ते बटण हलवता येतं का, किंवा निदान पूर्वीसारखं "नक्की का" विचारायला लावता येतं का? तक्रार पाठवली होती, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" एवढंच उत्तर आलं. माणसापर्यंत पोचायचं कसं?

प्राजक्ता_पुणे

काका, वाचून फार वाईट वाटलं. मी ॲपचे पडदे आखायचंच काम करते (तुम्ही वापरता त्या ॲपचं नाही). आधी उपाय सांगते.

सेटिंगमध्ये "खेळ" किंवा "पट" असा भाग असेल, त्यात "डाव सोडताना खात्री करा" असा पर्याय शोधा. बहुतेक ॲपमध्ये असतो. नवं रूप येताना तो बंद अवस्थेत आला असणार. त्याच्याच आसपास "चालीची खात्री" असतं. ते चालू केलंत तर मोहरा ठेवल्यावर बरोबरची खूण येते, ती दाबल्यावरच चाल जाते. चालीमागे एखादा सेकंद जाईल, पण तुमच्या डावात दहा सेकंदांची वाढ आहे, परवडेल.

दुसरं, फोनच्याच सेटिंगमध्ये. सॅमसंगचा फोन असेल तर "ॲक्सेसिबिलिटी"मध्ये "टॅप ड्युरेशन" बघा. बोट अमुक इतका वेळ टेकलेलं राहिल्याशिवाय फोन तो स्पर्श धरतच नाही. आयफोनवर "टच ॲकोमोडेशन्स"मध्ये "होल्ड ड्युरेशन" आहे, तेच काम. तुम्ही टेकवून थांबायची सवय केलीच आहे, म्हणजे तुम्हाला जमेल. घसरत गेलेलं बोट मात्र फोन सोडून देईल.

आता हे असं का होतं ते. आमच्या धंद्यात पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाचा १९५४ सालचा एक नियम पहिल्याच वर्षी शिकवतात: लक्ष्य जितकं जवळ आणि मोठं, तितका हात तिथं लवकर पोचतो. म्हणून वारंवार लागणारी बटणं अंगठ्याजवळ आणायची. हे बरोबरच आहे. पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की जे चुकून दाबलं जाऊ नये ते हातापासून लांब ठेवायचं, आणि ती बाजू आखताना विसरली जाते. गूगलच्या आराखड्याच्या नियमांत बटण कमीत कमी ४८ डीपी (डीपी म्हणजे पडद्यावरचं मोजमापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि दोन बटणांत ८ डीपी अंतर ठेवा असं सांगितलंय. बुद्धिबळाच्या पटाला ८ घरं, फोनची रुंदी ठरलेली, तेव्हा घर ९ मिलिमीटरचं होणं अवघडच. म्हणजे पटावर बोट थोडंफार चुकणार हे आखणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. अशा वेळी पटाच्या कडेला परत न घेता येणारी गोष्ट ठेवायचीच नसते.

"नक्की का?" हाही पुरा इलाज नाही हं काका. दर वेळी विचारलं की माणूस न वाचता "हो" दाबायला शिकतो. मला विचाराल तर झेंड्यावर दीडेक सेकंद बोट दाबून धरायला लावावं, भोवती गोल भरत जावा, बोट उचललं की रद्द.

माणसापर्यंत पोचायचं असेल तर पट्टी ठेवलेला फोटो पाठवा. "बटण वाईट जागी आहे" हे वाचून कुणी उठत नाही. "अंतर २ मिलिमीटर" हे वाचून उठतात.

बुलेटप्रेमी_कोल्हापूर

काकांबद्दल आदर आहे, पण मी उलट बाजूचा. मी एक मिनिटाचे डाव खेळतो. हरलेल्या स्थितीत चटकन सोडून पुढचा डाव घ्यायचा असतो, त्यात कुणी "नक्की का" विचारलं तर डोकं फिरतं. जुन्या रूपात तीन ठिकाणी बोट लावायला लागायचं. झेंडा खाली आणला हे माझ्यासारख्यांसाठी चांगलंच झालंय. सगळ्यांसाठी परत बदलू नका एवढंच.

"राजीनामा" मात्र खरंच वाईट आहे.

सहा_ठिपके

आगारकाका, मी सोलापूरचा. जन्मापासून दिसत नाही. बुद्धिबळ बावीस वर्षं खेळतो. तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण आमचा सगळा खेळच हात लावण्यावर चालतो.

आमच्या पटावर प्रत्येक घराला भोक असतं, मोहऱ्याला खाली खुंटी. काळी घरं जरा उंच. कुठं काय आहे हे बोटांनी चाचपूनच कळतं. आता डोळस खेळाडूंचा नियम "हात लावला की तो मोहरा चालवायचा". तो आम्हाला लावला तर आम्ही पहिल्याच चालीला अडकू. म्हणून फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांत आमच्यासाठी वेगळं लिहिलंय: मोहरा भोकातून उपसला की तो "स्पर्श" धरायचा, आणि दुसऱ्या भोकात बसवला की चाल झाली. नुसतं चाचपणं म्हणजे खेळणं नव्हे. आणि डोळसांच्या नियमातसुद्धा, उघड उघड चुकून लागलेला धक्का हा खेळायचा इरादा धरत नाहीत. तुमचं बोट घसरलं ते याच जातीचं. पटावर पंचांनी ते मान्य केलं असतं.

फोनवर आमच्याकडे टॉकबॅक असतं. एकदा बोट लावलं की खाली काय आहे ते फोन वाचून दाखवतो, लागोपाठ दोनदा टेकवलं तरच ते दाबलं जातं. म्हणजे झेंड्यावर माझं बोट दिवसातनं दहादा जातं आणि डाव सुटत नाही. पण तुमच्या त्या ॲपचं नवं रूप मीही उतरवून पाहिलं. बटणांना नावंच दिलेली नाहीत. फोन म्हणतो "बटण, नाव नाही", पुढचं "बटण, नाव नाही". पट तर पूर्ण मुका, चौसष्ट घरांतलं एकही बोलत नाही. जुन्या रूपात निदान घरांची नावं वाचली जायची. एका नव्या रंगरूपासाठी आमचा अख्खा पट गेला, आणि हे कुणाच्या लक्षातही आलेलं दिसत नाही.

लीचेस हे बुद्धिबळाचं दुसरं ॲप बघा. फुकट आहे, देणग्यांवर चालतं, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. अंधांसाठी वेगळी रीत आहे, चाल अक्षरांत टाइप करून देता येते. तिथली भाषांतरं स्वयंसेवक करतात. मराठीत चुकीचा शब्द दिसला तर सुधारणा आपणच सुचवू शकतो.

नाशिकची_आई

बटणांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा नऊ वर्षांचा. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून हा पटावरून उठत नाही. त्याच्या ॲपमध्ये दर दोन डावांनी सदस्यत्वाची चौकट येते. "हो" मोठं रंगीत, आणि नको म्हणायचं तर बारीक अक्षरांत ओळ: "नको, मला सुधारायचं नाही." तो माझ्याकडे फोन घेऊन आला, म्हणाला, "आई, मी हे दाबू का? पण मला सुधारायचंय." काय उत्तर द्यावं कळेना. नऊ वर्षांच्या मुलाला खोटं बोलल्याशिवाय चौकट बंद करता येत नाही.

शेवटी एक महिना फुकट म्हणून घेतलं, तर बंद करायचं बटण ॲपमध्ये कुठंच सापडेना. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांच्यासाठी: यूपीआयनं घेतलं असेल तर ज्या ॲपनं पैसे देता त्यातच "ऑटोपे"मध्ये जाऊन ती परवानगी रद्द करता येते, खेळाच्या ॲपची वाट बघायला नको. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तेरा प्रकार दिलेत. लाज वाटेल अशा शब्दांत "नको" म्हणायला लावणं त्यात आहे, सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणं आहे, पडद्याची मांडणी करून दिशाभूल करणंही आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लागतो, मी तक्रार नोंदवली आहे.

काकांच्या ॲपची "पुन्हा खेळा" चौकट आणि फिकट फुली मला त्याच घरातली वाटते.

आगार_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार.

प्राजक्ताताई, सेटिंग सापडलं. "राजीनाम्याची पुष्टी" या नावानं होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर त्याचा अर्थ मला लागला नसता. चालू केलं. टॅप ड्युरेशनही सापडलं. आधी अर्धा सेकंद ठेवून पाहिलं तर मोहरा उचलायलाच वेळ लागायला लागला, मग हळूहळू कमी करत ०.२ सेकंदावर आणलं. चारपाच डाव झाले, एकदाही चुकीचं बटण लागलं नाही. दत्ता म्हणाला, वेळही वाढवू, वीस मिनिटं आणि पंधरा सेकंद. तसं खेळतोय.

कोल्हापूरकर, तुमचं म्हणणं पटलं. एक मिनिटाच्या डावात झेंडा हाताशी हवा. पण ॲपला डाव किती मिनिटांचा आहे हे मांडतानाच ठाऊक असतं. एका मिनिटाच्या डावात एक बोट, पंधरा मिनिटांच्या डावात दाबून धरायचं, एवढं त्यांना करता यावं. तुमची सोय काढून मला माझी नको.

सहा ठिपके, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि दत्तालाही वाचून दाखवलं. चाचपणं वेगळं आणि खेळणं वेगळं, हे तुमच्या खुंटीच्या पटावर इतकं स्वच्छ केलेलं आहे हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. तुमचा पट मुका झाला ही माझ्या झेंड्यापेक्षा फार मोठी गोष्ट आहे. माझा एक डाव गेला, तुमचं ते ॲपच गेलं. म्हणून नव्या तक्रारीत पहिला मुद्दा तुमचा घातलाय: बटणांना आणि घरांना नावं द्या, पूर्वी होती ती काढलीत. दुसरा मुद्दा झेंडा पटाच्या कडेपासून लांब न्या किंवा दाबून धरायला लावा, सोबत पट्टी ठेवलेले दोन फोटो. तिसरा, शब्द. राजीनाम्याच्या जागी "डाव सोडा", काढाच्या जागी "बरोबरी", तपासाच्या जागी "शह". चौथा, डाव संपल्यावर शेवटची स्थिती झाकू नका. नातवानं इंग्रजी करून दिलं, मराठीही खाली जोडलंय. तुम्ही नावं नसलेल्या बटणांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर तोही जोडतो.

नाशिकच्या ताई, मुलाला सांगा, चौकटीतल्या ओळीनं काही ठरत नसतं, खुशाल दाबून पटावर परत ये. आणि सांगलीला उन्हाळी स्पर्धेला आणा त्याला.

राहिला मंगळवारचा डाव. काल रात्री मी इथं जुना लाकडी पट मांडला, दत्तानं तिकडं त्याच्या नातीचा चुंबकाचा. राजा जी-८, प्यादं जी-७, हत्ती एफ-१, सगळं आठवून लावलं आणि फोनच्या आवाजावर पुढं खेळलो. मी म्हटलं, हत्ती एफ-४. लाकडी हत्ती उचलताना हात थरथरला, बाजूला ठेवलेला पेला लवंडला, पटावर पाणी. दत्ता म्हणाला, "पूस निवांत, घड्याळ कुठंय आपल्याला." पुसलं. मग त्याचा हत्ती एच-१, माझा शह ई-४ वरनं, असं करत सातव्या चालीला माझा हत्ती जी-४ वर आडवा आला. फोनवर जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "सोडला रे."

प्राजक्ता_पुणे

काका, तक्रारीचा मसुदा इथं टाका. आमच्या टीममधल्या दोघांना सही करायची आहे.

बुलेटप्रेमी_कोल्हापूर

माझीही घ्या.